रात्रभराच्या बार्बेक्यूसाठी लंप कोळसा: कुठला घ्यावा आणि पेटवावा कसा?

बोका_ह्यूस्टनचा

नमस्कार मंडळी. आधी रडगाणं ऐकून घ्या, मग प्रश्न.

दिवाळीत इथे एकाकडून सेकंडहँड कमाडो मिळाला. मातीच्या रांजणासारखा दिसणारा सिरॅमिकचा जाडजूड ग्रिल असतो ना, तोच, अठरा इंची. आत्तापर्यंत त्यावर कबाब, चिकन लेग, मक्याची कणसं असलं तासाभरात उरकणारं केलं आणि सगळं झकास झालं, त्यामुळे अंगात आलं. मागच्या शुक्रवारी साडेआठ पौंडाचा पोर्क शोल्डर आणला (बीफ घरात चालत नाही म्हणून ब्रिस्केटच्या (गाईच्या छातीच्या मांसाच्या) वाटेला गेलो नाही, टेक्ससात राहून हे चारचौघांत सांगायची चोरी आहे). बेत असा की रात्री नऊला ठेवायचा, २२५ फॅरनहाइटवर रात्रभर होऊ द्यायचा आणि दुपारी पाहुण्यांना वाढायचा.

कोळसा लंप, म्हणजे वड्या नाहीत, सरळ लाकडाचा. चिमणी स्टार्टर (कोळसा पेटवायचा पत्र्याचा नळकांडा) भरून लालभडक केला, आतल्या कोळशावर ओतला, झाकण लावलं. वीस मिनिटांत काटा ४१०. हवेचे दोन्ही झरोके, खालचा आणि वरचा, बंद करून बसलो तर पावणेअकरा वाजले तरी २५० च्या खाली उतरायला तयार नाही. शेवटी तसाच ठेवला आणि झोपलो. सव्वातीनला थर्मामीटरचा अलार्म, बघतो तर १५५ आणि उतरतोच आहे. खालचा झरोका सताड उघडला, पुठ्ठ्याने वारा घातला, गुडघ्यावर बसून फुंकलं, काही नाही. निमूट मांस ओव्हनमध्ये. बायको पाणी प्यायला उठली होती, म्हणाली "ओव्हन होताच की संध्याकाळपासून."

सकाळी उघडून बघितलं तर अर्धा कोळसा काळाच्या काळा शिल्लक आणि तळाच्या जाळीची भोकं सुपारीएवढ्या तुकड्यांनी बुजलेली. आता सांगा, कोळसा वाईट होता, का पेटवणं चुकलं, का दोन्ही?

खमंग_काकू

दोन्ही :)
पण आधी सांग, मांस आत किती गरम झालं होतं तेव्हा? कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलेलं मांस खायचं नसतं रे, १४० फॅरनहाइटच्या वर लवकर गेलेलं बरं.

बोका_ह्यूस्टनचा

काकू, अलार्म वाजला तेव्हा आत १४८ होतं आणि लगेच ओव्हनमध्ये गेलं. सगळे धडधाकट आहेत. पाहुण्यांना अजून वाटतंय की ते बार्बेक्यूवरच केलेलं होतं.

धूरकरी

मी डॅलसजवळ असतो, कमाडोवर सात-आठ वर्षं काढली आहेत आणि तुझी ही रात्र मीसुद्धा काढलेली आहे, फक्त माझ्याकडे टर्की होती आणि सासरची माणसं.

पहिली चूक चिमणीभर पेटलेला कोळसा. अर्ध्या तासात चिकन करायचं असेल तर तेच बरोबर, पण इथे तुला आग नकोय, तुला एक निखारा हवाय जो रात्रभर शेजारच्या कोळशाला हळूहळू शिवत जाईल. जाड सिरॅमिक एकदा तापलं की उष्णता धरून बसतं, झरोके बंद केले की आग मरते पण भिंती गरमच राहतात, म्हणून काटा उतरत नव्हता. तू आग आधीच अर्धमेली केलीस आणि तापमान मात्र भिंतींच्या जिवावर दिसत होतं. भिंती निवल्या तेव्हा सव्वातीन वाजले होते, एवढंच.

मी काय करतो ते सांगतो. न पेटलेला कोळसा ग्रिलमधल्या कोळशाच्या भांड्याच्या काठापर्यंत भरायचा, मधे मुठीएवढा खड्डा. मेण आणि भुशाची पेटवण वडी मिळते ती एक खड्ड्यात ठेवायची, वर दोन-चार मध्यम तुकडे, पेटवायची, झाकण उघडं, खालचा झरोका उघडा. दहा-बारा मिनिटांत संत्र्याएवढा भाग लाल होतो, बस. झाकण लावायचं. काटा १८० च्या आसपास आला की आवळायला सुरुवात, २२५ ची वाट बघत बसायचं नाही, कारण वर चढवणं दोन मिनिटांचं काम आणि उतरवायला दोन तास. माझ्याकडे खालचा झरोका शेवटी करंगळीएवढा उघडा राहतो आणि वरचा नखाएवढा. प्रत्येक ग्रिलचं वेगळं असतं पण फार वेगळं नसतं.

हेच तत्त्व इथले लोक मिनियन पद्धत म्हणून वापरतात, जिम मिनियन नावाच्या बार्बेक्यूवाल्याच्या नावावरून. मूळ उभ्या स्मोकरसाठी आणि कोळशाच्या वड्यांवर, थंड कोळशाच्या ढिगावर थोडेसे पेटलेले टाकायचे.

आणि मांस लगेच ठेवू नकोस. सुरुवातीला जाड पांढरा धूर येतो तो कडवट असतो, मांसावर बसला की तोंडात राखुंडी लावल्यासारखं लागतं. तो विरून निळसर, दिसेल न दिसेल असा धूर यायला लागला की मग ठेव. मला पाऊण तास तरी लागतो.

बोका_ह्यूस्टनचा

भिंतींच्या जिवावर!! हे कुणीच सांगितलं नव्हतं. मग जाळी बुजली त्याचं काय?

वखारवाला_नातू

हा भाग माझा. आमच्या आजोबांची सांगलीला लाकडाची आणि कोळशाची वखार होती, बार्बेक्यू त्यांनी जन्मात बघितलं नाही पण कोळसा त्यांना आवाजावरून कळायचा. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. खणखण वाजला, काचेसारखा, तर नीट भाजलेला. थप्प असा दबका आवाज आला की एक तर ओला, नाहीतर आत लाकूड कच्चं राहिलंय. कच्चा तुकडा फोडला की आत तपकिरी दिसतं आणि बोटाला काळं लागण्याऐवजी तुसं टोचतात. असले तुकडे वेगळे काढा, रात्री दोनला अचानक पांढरा धूर यायला लागतो तो यांच्यामुळेच.

दुसरं म्हणजे वजन. जड, घट्ट लाकडाचा कोळसा हळू जळतो, हलक्या लाकडाचा भुर्रकन जातो. आपल्याकडे बाभळीचा कोळसा लोहार आणि इस्त्रीवाले मागून घ्यायचे तो म्हणूनच. आजही गावाकडे लोणारी कोळसा म्हणून जो मिळतो त्यात वेड्या बाभळीचा बराच असतो, आणि गंमत अशी की ही वेडी बाभूळ आणि तुमच्या टेक्ससातलं मेस्कीट एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, दोघं प्रोसोपिस गटातले. ही बया मूळची अमेरिका खंडातलीच, इंग्रजांच्या काळात आपल्याकडे आणली, कच्छात रण पसरू नये म्हणून लावली आणि तिनेच सगळं व्यापलं, तिथे तिला गांडो बावळ म्हणतात. आता तोडून भट्ट्या लावतात.

तिसरं, आकार. पिशवी ट्रकमधून फेकली, दुकानात फेकली, तुम्ही डिकीत फेकली, की तळाशी चुरा होणारच. आख्खी पिशवी वरून ओतली तर शेवटी सगळा चुरा वर पडतो आणि आग पेटत गेली की तो खाली घसरत जाळीत जाऊन बसतो. तुमचं तेच झालंय. वारा वरून घालून उपयोग नाही हो, हवा खालून यायला पाहिजे. घरी तांब्याचा बंब असेल तर आठवा, राख साठली की आजी सळई घालून खालची जाळी मोकळी करायची आणि बंब पुन्हा घूं घूं करायला लागायचा.

खमंग_काकू

बंब! आमच्याकडे माझं काम होतं ते, चिपाडं आणि करवंट्या घालायचं. डोळे लाल व्हायचे.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ काहून एवढा त्रास घेता, थोडं घासलेट शिंपडा न् काडी लावा, पाच मिनिटात पेटते. आमच्या इकडं हुरडा पार्टीत आगटी तशीच पेटते.

धूरकरी

भाऊ, हुरड्याच्या आगटीत गोवऱ्या असतात, त्या तासभर जळून निखारा झाला की मग आपण कणसं खुपसतो, तोवर घासलेट उडून गेलेलं असतं. इथे उलट आहे, न पेटलेला कोळसा मांसाखाली रात्रभर पडून राहणार. त्यावर तेल सांडलेलं असेल तर त्याचा वास सकाळपर्यंत थोडा थोडा मांसात जात राहतो. शिवाय सिरॅमिकला बारीक छिद्रं असतात, वास मुरतो. तेलात आधीच भिजवलेल्या वड्या मिळतात त्यासुद्धा याच कारणासाठी नकोत.

पेटवण वडी नसेल तर कागदाचा बोळा करून त्याला चमचाभर खाण्याचं तेल चोळायचं. नुसता कागद भर्रकन जळून राख उडते, तेलाचा वातीसारखा सात-आठ मिनिटं टिकतो.

वऱ्हाडी_ठेचा

हे पटलं बाप्पा. तेल वालं करून पाहतो.

फारच_अभ्यासू

अवांतर: वड्यांच्या कोळशामागे हेन्री फोर्ड आहे हे किती जणांना माहीत आहे? मॉडेल टी गाडीच्या लाकडी भागांसाठी मिशिगनात त्याने जंगल आणि सॉ मिल घेतली होती, तिथला टाकाऊ लाकूडफाटा आणि भुसा जाळून, स्टार्च घालून १९२० च्या दशकात वड्या पाडायला सुरुवात केली. जमीन शोधायला मदत करणारा किंग्सफोर्ड हा त्याच्या चुलतबहिणीचा नवरा, गावालाही त्याचं नाव आणि पुढे कोळशालाही. सुरुवातीला फोर्डच्या गाड्यांच्या दुकानांतही ह्या वड्या विकायचे.

धूरकरी

अवांतर नाहीये खरं तर, कारण वडी आणि लंप यातला फरक इथेच आहे. वड्या सगळ्या एकसारख्या, त्यामुळे साध्या गोल केटल ग्रिलमध्ये कडेने नागमोडी रांग लावून एका टोकाला पेटवली की शांतपणे जळत जाते. लंपची तशी रांग लावायला गेलात तर मधे एखादी फट राहते आणि आग तिथेच थांबते. मी केटलवर करून बघितलं आहे, साडेचार तासांनी थांबली. पण वड्यांची राख खूप, आणि कमाडोत तळाशी जागा कमी असल्याने राखेनेच हवा कोंडते. म्हणून कमाडोला लंप, केटलला वड्या, माझ्यापुरता वाद संपला.

लंडनचा_पाऊस

आमच्याकडे दुकानात बराच कोळसा नामिबियाचा असतो. तिथे काटेरी झुडपं माजून गवताळ कुरणं गिळत चालली आहेत, ती तोडून कोळसा करतात, म्हणजे वखारवाल्यांनी सांगितलेल्या वेड्या बाभळीचीच गोष्ट. मला तो आवडतो, जड असतो, टिकतो, फक्त तुकडे बारीक.

पॅराग्वेचा केब्राचोचाही मिळतो कधीमधी, ते लाकूड इतकं कठीण की नावाचा अर्थच कुऱ्हाड मोडणारं. जळतो अप्रतिम. पण तिकडे चाकोचं जंगल तुटतंय कोळशापायी, त्यामुळे मी घेणं सोडलं, ज्याने त्याने ठरवावं.

आमचा खरा शत्रू दमट हवा. अर्धी पिशवी शेडमध्ये उघडी ठेवली तर पुढच्या महिन्यात पेटायला दुप्पट वेळ आणि वर चुरचुर आवाज. आता झाकणाच्या डब्यात ठेवतो.

वखारवाला_नातू

दमट म्हणताय, इकडे तर मुद्दाम पाणी मारून विकतात, वजन वाढायला. गेल्या पावसाळ्यात एका वखारीतून दहा किलो आणला, गच्चीवर दोन दिवस उन्हात पसरून पुन्हा तोलला तर साडेआठ भरला. आजोबा असते तर त्यांनी त्या माणसाशी बोलणं टाकलं असतं. की कुणास ठाऊक, त्यांनीही मारलं असेल पाणी :D

बोका_ह्यूस्टनचा

मेस्कीटचा कोळसा इथे ढिगाने आणि स्वस्त मिळतो, तो घेऊ का मग? चुलतभाऊ आहे म्हणता.

धूरकरी

रात्रभरासाठी नको. मेस्कीटच्या ठिणग्या फार उडतात, पेटवताना तर फटाक्याची लड लावल्यासारखा तडतडतो, झाकण उघडून तोंड पुढे नेलंस तर भुवया गेल्या. शिवाय वास उग्र. दहा मिनिटांच्या मटण चॉप्सला मस्त, बारा तासांना जड होतो. ओक किंवा ओक-हिकरी मिश्र घे, साधा, फारसा वास नसलेला. धुराची चव कोळशातून नाही, त्यात खोचलेल्या लाकडाच्या तुकड्यांतून आणायची. तुझ्याकडे पिकन झाडाचं लाकूड मिळेल, मुठीएवढे तीन तुकडे खड्ड्यापासून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे अंतर सोडून पुर, म्हणजे आग जिथे जाईल तिथे तिला एकेक भेटेल.

पिशवी घेताना वरून चाचपून बघ, मोठे गोटे लागतात की सगळी रेती. आत सरळ कापलेल्या पट्ट्या, खाचा असलेले तुकडे निघाले तर ते फर्निचर नाहीतर फरशीच्या कारखान्यातलं भंगार लाकूड, त्यावर आधी काय लावलं होतं देव जाणे. मधोमध भोक असलेल्या चौकोनी कांड्या म्हणजे दाबलेला भुसा, तो वाईट नसतो पण लंप म्हणून पैसे देऊ नकोस.

सातारी_तर्री

मोठे तुकडे खाली लावावेत का? मी तसंच करतो, नारळाएवढे तळाला, मग लिंबाएवढे, चुरा फेकून देतो. एकेक हाताने लावायला वीस मिनिटं जातात, हात काळे होतात पण मन शांत होतं.

धूरकरी

एवढी पूजा मांडायची गरज नाही ओ. जाळीवर चार-पाच मोठे ठेवा, बाकी ओता.

सातारी_तर्री

ओतला तर मधे पोकळ्या राहतात, आग उडी मारू शकत नाही.

धूरकरी

गच्च लावला तरी हवा कोंडते. दोन्हीकडून मरण.

सातारी_तर्री

माझी कधी विझली नाही.

धूरकरी

माझीही नाही, २०१९ नंतर.

शाकाहारी_पण_उत्सुक

मी मांस खात नाही तरी हा धागा सोडवत नाहीये. प्रश्न: सकाळी जो कोळसा उरतो त्याचं काय करता? मी त्यावर वांगी भाजायला येऊ का?

खमंग_काकू

जरूर ये! रात्रभराच्या मंद निखाऱ्यावर वांगं असं काही होतं ना, साल आपोआप सुटते. झरोका थोडा उघडायचा, पाच मिनिटांत निखारा फुलतो.

उरलेला टाकायचा नाही रे कुणी. दोन्ही झरोके बंद केले की हवा नाही म्हणून विझतो, पुढच्या वेळी राख झटकून तोच वापरायचा, आधी एकदा पेटलेला असल्याने लवकर धरतो. फक्त राख गरम आहे का ते बोटाने बघू नका. दुसऱ्या दिवशीसुद्धा आत विस्तव असतो, आमच्या शेजाऱ्यांची प्लास्टिकची कचऱ्याची बादली वितळली होती तशी. पत्र्याचा झाकणवाला डबा ठेवा.

लंडनचा_पाऊस

आणि एक गंभीर. पाऊस आला म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये किंवा बंद बाल्कनीत ओढू नका, "दार उघडं ठेवतो" म्हणूनही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, वास नाही, रंग नाही, झोप आल्यासारखं वाटतं आणि माणूस उठत नाही. विझत आलेल्या कोळशातूनसुद्धा. आपल्याकडे थंडीत शेगडी खोलीत घेऊन झोपलेल्यांच्या बातम्या येतात दरवर्षी, तेच कारण.

धूरकरी

एक हजार अनुमोदन. बोक्या, अजून एक. झरोके आवळलेले असताना झाकण कधीही एकदम उघडू नको. आत आग हवेसाठी आसुसलेली असते, भसकन हवा मिळाली की ज्वाळा तोंडावर. आधी बोटभर उचल, थांब, परत बोटभर, दोन-तीनदा, मग उघड. आणि मध्यरात्री मांसाचं तापमान १६० च्या आसपास तीन-चार तास अडकेल, तेव्हा आग विझली समजून झरोका उघडायला धावू नको. आपल्याला घाम येऊन गार वाटतं तसं मांसातलं पाणी उडत असतं म्हणून ते चढत नाही. ग्रिलचं तापमान ठीक आहे ना, मग झोप.

बोका_ह्यूस्टनचा

मंडळी, रिपोर्ट.

काल पुन्हा केला, आठ पौंड. ओकची पिशवी, प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरली, आवाज ऐकून सहा-सात थप्पवाले बाजूला काढले (बायकोने व्हिडिओ काढलाय, मी जमिनीवर बसून कोळसे कानाशी वाजवतोय, सासूबाईंना पाठवलाय). मोठे खाली, बाकी ओतला, म्हणजे दोन्ही गुरूंचा मान ठेवला. तेलाचा बोळा, एकच जागा. सव्वाआठला काडी लावली, काटा १८० ला आला की आवळत गेलो, धूर विरला नऊ वाजून दहा मिनिटांनी, मांस ठेवलं.

एक वाजता २३१. चार वाजता उठलो तेव्हा २०९ आणि सावकाश उतरतोय. पोटात गोळा. मग वखारवाल्यांच्या आजी आठवल्या. ड्रायक्लीनिंगचा तारेचा हँगर सरळ केला, टोकाला काटकोनात वाकवला, खालच्या झरोक्यातून आत घालून जाळीच्या भोकांतून वर खुपसत गेलो. खळ्ळकन राख पडली, तीन-चार लाल ठिणग्या खाली आल्या, आणि झरोक्याशी हात धरला तर हवा आत ओढली जातेय हे बोटांना कळलं. दहा मिनिटांत २२४. मग सकाळपर्यंत हातही लावला नाही.

साडेअकराला आत २०१, हाड नुसतं ओढलं तर रिकामं हातात आलं. कोळसा अजून जवळपास तिसरा हिस्सा शिल्लक आहे, झरोके बंद करून ठेवलाय.

सातारी_तर्री

मोठे खाली लावलेस म्हणून.

धूरकरी

हँगर म्हणून.

खमंग_काकू

बायको काय म्हणाली ते सांग.

बोका_ह्यूस्टनचा

म्हणाली, चार वाजता अंगणात उकिडवा बसून हँगर खुपसणारा माणूस शेजाऱ्यांनी बघितला असेल तर पुढच्या वेळी त्यांनाही जेवायला बोलव.

वखारवाला_नातू

छान झालं. पिशवीत दगड निघाला का?

बोका_ह्यूस्टनचा

दोन. आणि एक खिळा.